डाळजच्या टोकाचं फडकं

पळसदेव,
२४ मे १९९८

चि. मनिषा,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि वाटलं, माझा आशीर्वाद तुला चालायचा नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांत पहिलं. पोस्टमननं दुकानात चारचौघांसमोर विचारलं, "जळोचीला कोन हाय वो तुमचं?" मी म्हणालो, बहीण. त्यानं ते वाचलेलं होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण उघड्या कार्डाला तो तरी काय करणार.

चारच ओळी लिहिल्यास. स्वरालीला शाळेत कुणी दारुड्याची पोरगी म्हणालं. शुद्धीतला माणूस जुन्या रस्त्यावर बुडू शकतो का, हे तिला स्वतः सायकल घालून बघायचंय. रस्ता कधीपर्यंत उघडा असतो तेवढं कळव, बाकी काही लिहू नकोस. मनू, बाकी काही न लिहिता तेवढंच लिहायला बसलो तर अर्धी ओळसुद्धा होत नाही. चौदा वर्षांची झाली ना ती? बाप गेला तेव्हा सात वर्षांची होती, शंभूच्या सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसून यायची.

तिला जुन्या रस्त्यावर पाठवू नकोस. गाळ फार आहे, बाभळीचे काटे आहेत, कोळ्यांची कुत्री अंगावर येतात. तिला बापाच्या रस्त्यानं जायचंच असेल तर कालव्यावरून जाऊ दे. बारामतीत डाव्या कालव्याच्या भरावावर चढायचं आणि पाण्याच्या अंगानं सरळ जायचं. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, अधूनमधून पाटकऱ्याची चौकी. मोटारगाडी म्हणशील तर दिवसात एखादी साहेबाची जीप. लासुर्ण्याला भराव सोडायचा आणि आत कळंबला आजोबांकडे. शंभूनं पाटकरी म्हणून अकरा वर्षं त्या भरावावर सायकल मारली. पाण्याची पाळी आली की दारं उघडायची आणि संपली की बंद करायची, एवढंच काम. पगारापेक्षा तो रस्ता मिळाला म्हणून नोकरी धरली, असं सांगायचा. "जोत्या, ज्या रस्त्यावं हारन ऐकू येत न्हाय त्योच खरा रस्ता." आता तिथं वेड्या बाभळी माजल्यात म्हणतात, पण सायकलपुरती वाट असेल.

तिची सायकल कुठल्या कंपनीची आहे? चेन सैल असेल तर लिहून कळव.

तुझा,
दादा

पळसदेव,
४ जून १९९८

चि. मनिषा,

कार्डावर दोनच शब्द, कारण लिही. तू लहानपणापासून अशीच. आईसुद्धा तुझ्यापुढं वाद घालत नसे.

कारण लिहितो. पण आधी स्वरालीला हा रस्ता काय आहे ते वाचून दाखव. तुला सगळं पाठ आहे, तिला नाही.

धरण भरलं तेव्हा आपलं जुनं गाव आणि जुना सोलापूर रस्ता पाण्याखाली गेला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवपासून डाळजपर्यंत सहा किलोमीटर तो परत वर येतो. दोन्ही अंगाला पाणी, मध्ये डांबराची पट्टी, तिच्यावर बोटभर गाळ. अर्ध्या वाटेवर जुन्या गावाचं बेट लागतं. देवळाचं शिखर दिसतं, घरांचे उंबरे दिसतात. आपलाही उंबरा आहे, शंभू आणि मी त्यावर बसून भाकरी खायचो. मार्च-एप्रिलमध्ये रोहित पक्षी उतरतात, शेकड्यानं. सायकल जवळून गेली तरी उडत नाहीत. मोटारसायकल कधी आलीच तर उठतात. तेवढ्यासाठी शंभू दर उन्हाळ्यात रविवारी जळोचीहून भिगवणमार्गे डाळजला यायचा आणि त्या टोकानं आत शिरून बेटावरून माझ्या दुकानापर्यंत. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. तुझं स्थळ मी त्याला दाखवलं ते सोयरीक म्हणून नाही, हा माणूस कायमचा आपल्या घरात यावा म्हणून.

आता फडक्याचं. आपले तात्या मेंढरं घेऊन पल्याड जायचे. धरणानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना काठी रोवून पांढरं फडकं बांधलं. फडकं आहे तर रस्ता उघडा आहे, नाही तर पाय टाकायचा नाही. हे सरकारनं सांगितलेलं नव्हतं, पण धनगर, कोळी, दूधवाले, सगळे पाळायला लागले. कारण इथलं पाणी फसवं आहे. पाऊस पडतो घाटात, इथं आभाळ कोरडं ठणठणीत, आणि पाणी चढतं. त्यातून दुकानाजवळची, रस्त्याखालची मोरी सगळ्यात खोल. बेटावरून येणाऱ्याला रस्ता कोरडा दिसतो, आणि मोरीपाशी छातीइतकं पाणी असतं, खालून ओढणारं. पुढं जावं तर मोरी, मागं फिरावं तर तोवर मागचाही रस्ता गेलेला. म्हणून फडकं ज्यानं बांधलं त्यानंच वेळेवर सोडायचं, दुसऱ्यावर टाकायचं नाही. तात्या गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं.

कारण हेच. जूनमध्ये पाण्याचा भरवसा नाही.

त्या साली मी दोन्ही फडकी शनिवारीच सोडली होती, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

जोतीराम

पळसदेव,
१५ जून १९९८

मनू,

काल स्वराली आली होती. तुला न सांगता आली हे मला लगेच कळलं. कारण दुकानापुढं उतरल्यावर आधी तिनं पाणी मागितलं आणि मग विचारलं, "मामा, तुम्ही आईला पत्र लिहिता ना?"

सायकलवर बसते अगदी त्याच्यासारखी, डावा खांदा किंचित खाली. मी पान्हा हातात धरून नुसता बघत राहिलो.

काठीला फडकं होतं. पाणी अजून खाली आहे. ती काठीजवळ जाऊन उभी राहिली, फडक्याला हात लावला. म्हणाली, "बाबा आले त्या दिवशी हे नव्हतं?"

"न्हवतं."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

"तरी सायकल घातली?"

"व्हय."

"पिलेले होते म्हणून?"

मी पान्हा लेंग्याला पुसायला लागलो. ती म्हणाली, "तुम्हीपण तेच म्हणता."

मग सायकल वळवून उतारानं रस्त्यावर घातली. मी पळत जाऊन हँडल धरलं. म्हणालो, पुढचं चाक वाकलंय, दोन मिनिटं दे. चाक काढून घेतलं. चाक सरळ होतं, मनू. तासभर ते उगाच फिरवत बसलो. मग एसटी थांबवून तिला आत बसवली, सायकल टपावर चढवली. खिडकीतून म्हणाली, "मामा, अठ्ठावीस तारखेला रविवार हाय. मी येते. नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी. तुम्ही फडकं सोडल्यावरच येणार हाय मी. बाबा फडकं नसताना गेले, मीपण तसंच जाणार. मग कळंल, शुद्धीतला माणूस काय करतो ते."

गाडी गेली आणि मी तिथंच फाट्यावर खाली बसलो. जी काठी लोकांना वाचवायची, ती माझ्या खोटेपणानं उलटी करून ठेवली. ही पोर आता फडकं सुटायची वाट बघत बसणार.

म्हणून लिहितो. एकदाच लिहितो, तू दोनदा वाच.

सहा जुलै एक्क्याण्णव, शनिवार. संध्याकाळी बादशाह आला. कोळ्यांची मासळी सायकलवरून गावोगाव नेणारा, तू ओळखतेस. म्हणाला, "जोती, पानी चार बोटं चढलंय. फडकी सोड." मी हे टोक सोडलं. डाळजचं टोक सहा किलोमीटर. रविवारी बाजार, भाड्याच्या सायकली तयार करायच्या होत्या, दोन पंक्चर होत्या. आभाळात ढग नव्हता. म्हणालो, चार बोटांनी काय होतंय, सकाळी जाऊन सोडीन. सकाळी गिऱ्हाइकं आली. बादशाहनं जाता जाता विचारलं, "पल्याडचं सोडलंस न्हवं?" मी म्हणालो, व्हय. का म्हणालो? तो ओरडला असता म्हणून. एवढ्याचसाठी.

शंभूनं डाळजला फडकं बघितलं आणि आत शिरला. फडकं होतं, मनू. तो नियमानं वागला. शुद्धीत होता, नेहमीसारखा होता, आणि माझ्या फडक्यावर विश्वास ठेवून आला.

दुपारी कोळ्यांना मोरीपाशी सायकलचं हँडल दिसलं. लोक पाण्याकडं धावले. मी सायकल काढून पळालो डाळजला, नव्या रस्त्यानं, आणि काठीचं फडकं सोडून खिशात घातलं. घरी येऊन चुलीत टाकलं. परत आलो तेव्हा काठावर कुणीतरी म्हणत होतं, "दोन्हीकडं फडकं न्हाय, तरी सायकल घातली. टाकलेली असनार." मी ते म्हणालो नाही. पण म्हणू दिलं. दोन दिवसांत ते गावाचं झालं, आठ दिवसांत कळंबला पोचलं. तेराव्याला आबासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, दारू पिऊन मेलेला पोरगा माझा न्हाय. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "दादा, तू बोल की. तुला ठावं हाय त्येनं कधी थेंब घेतला न्हाय." आणि मी जमिनीकडं बघत बसलो. तू त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाहीस. तुला वाटलं मी भित्रा आहे, पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. मी भित्रा आहेच, पण नुसता तेवढाच नाही.

मी मुद्दाम काही केलं नाही असं लिहिणार होतो. शनिवारचं मुद्दाम नव्हतं. रविवारचं होतं.

तो पाण्यात होता तेव्हा मला काही कळलं नाही. दुकानात गर्दी होती.

हे स्वरालीला वाचून दाखव. तिला सांग, सिद्ध करण्यासारखं काही उरलेलं नाही. तिला अठ्ठावीसला घरात ठेव. दाराला कडी लाव, पण ठेव. मला तू काय म्हणायचं ते म्हण.

जोतीराम

पळसदेव,
५ जुलै १९९८

मनिषा,

अठ्ठावीसला मी दुकान बंद ठेवून दिवसभर फाट्यावर बसून होतो. ती आली नाही. शेवटची एसटी गेल्यावर घरी आलो आणि सात वर्षांत पहिल्यांदा भाकरीची चव लागली. आज दुसरा रविवार. आजही बसलो होतो. पाणी परवापासून चढतंय, दोन्ही फडकी मी त्याच दिवशी सोडली. आधी डाळजचं सोडलं.

तुझं कार्ड एकोणतीसला आलं. पोस्टमननं या वेळी काही विचारलं नाही, दुकानाच्या फळीवर ठेवून गेला. "आबासाहेबांना तोंडावर सांग. लिहून नाही. त्यानंतर आमच्याकडे येऊ नकोस." बरोबर लिहिलंस. माझ्या मनात मी त्यांना सांगून मोकळा होईन आणि तू कधीतरी ये म्हणशील, असं होतं. आता नाही.

गुरुवारी गेलो. सायकलनं गेलो, एसटीनं गेलो असतो तर मधल्या एखाद्या गावात उतरून परत फिरलो असतो. लासुर्ण्याजवळ तासभर कालव्याच्या भरावावर होतो. पाळी चालू होती, पाणी काठोकाठ. एकही गाडी भेटली नाही. तिथं मला रडू आलं, कारण रस्ता चांगला होता.

आबासाहेब गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. मेंढरं विकून वीस वर्षं झाली, पण हातात चाती होतीच. कुणाची तरी लोकर आणतात आणि कातत बसतात. मला बघून म्हणाले, "जोतीराम का? बस." पाणी मागवलं. भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत, तुझ्या सासूचाही. शंभूच्या जागी नुसता खिळा.

मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं. शंभू पिलेला नव्हता. डाळजला फडकं होतं. मी सोडलं नव्हतं. नंतर सोडलं आणि जाळलं. सगळं ओळीनं सांगितलं, तुला लिहिलं तसं. ते चाती फिरवत होते. मला वाटलं, ऐकू येत नाही की काय, म्हणून शेवटचं परत मोठ्यानं सांगितलं.

"ऐकलं," म्हणाले.

मी वाट बघत होतो. काठी उचलतील, थुंकतील, गाव गोळा करतील. मनातून मला तेच हवं होतं. ते म्हणाले, "तुझं दुकान मोरीपासनं लांब हाय का?"

"न्हाय. दोन-तीनशे पावलं."

"मंग हाक मारली असंल त्यानं."

मनू, हे मी तुला गेल्या पत्रात लिहिलं नाही. उलटच लिहिलं. सगळं कबूल करतोय म्हणत हे एवढं मागं ठेवलं होतं. त्यांना म्हणू शकलो असतो, न्हाय, ऐकू आली न्हाय. ते म्हातारे आहेत, त्यांनी मानलं असतं. पण तू तोंडावर सांग म्हणाली होतीस.

"मारली," मी म्हणालो. "दोनदा. माझं नाव घिऊन."

मी तेव्हा चाकाच्या तारा बसवत होतो. पाण्याकडून "जोत्या" अशी हाक आली. आवाज ओळखला. शंभू मोरीशी आला की दर वेळी तिथूनच हाक द्यायचा, चहा टाक म्हणून. वाटलं, आला शंभ्या, आता येईलच वर. बाहेर गिऱ्हाईक घाई करत होतं. परत एकदा हाक आली. मी मान वर न करता "आलो, आलो" म्हणालो आणि पुढची तार घेतली. चाक पूर्ण झालं तेव्हा लक्षात आलं की अजून कुणी वर आलं नाही. तेव्हाच फडक्याची आठवण झाली. बाहेर येऊन बघितलं तर पाण्यावर काही नव्हतं. मी कुणाला काही सांगितलं नाही. कोळ्यांना हँडल दिसेपर्यंत दुकानात बसून राहिलो.

हेही त्यांना सांगितलं.

आबासाहेबांची चाती थांबली. त्यांनी ती बाजेवर ठेवली, लोकर बाजूला सारली. मग बोलले.

"गावाफुडं मी त्याला शिव्या दिल्या. फोटू उतरवला. मनिषाला दारात हुबी केली न्हाय. ते समद्यांनी बघितलं. पर जोतीराम, रोज रातच्याला आडवा झालो की मी एकच धरून झोपायचो. पिलेला हुता न्हवं माझा शंभू, मंग पान्यात त्याला काय बी कळलं नसंल. झोपंत गेल्यावानी गेला असंल. सात वर्सं तेवढंच हुतं माज्याजवळ." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आन् आता तू सांगतूस, त्यो हाका मारीत हुता."

ते रागावले नाहीत. मला जा म्हणालेही नाहीत. भिंतीकडं तोंड करून बाजेवर आडवे झाले. पाणी घेऊन पोरगी आली तर मी तिच्या हातातला तांब्या तसाच खाली ठेवायला लावला आणि निघालो.

बादशाह काल वालचंदनगरला मासळी घेऊन गेला होता, येताना कळंबवरून आला. त्याला मी आधीच सगळं सांगितलंय, तो आता माझ्या दुकानात टेकत नाही, पण दारातून निरोप दिला. आबासाहेब गुरुवारपासून जेवले नाहीत. फोटो परत लावलाय आणि त्याच्यासमोर बसून असतात. दुसऱ्या सुनेनं ताट पुढं केलं तर म्हणतात, मनिषाला बोलवा.

तू जा. स्वरालीला घेऊन जा. त्यांचं जे होतं ते मी काढून घेतलं, मला त्या घरात परत पाय ठेवता येणार नाही. बारामतीहून सकाळी साडेसातला वालचंदनगरची गाडी आहे, कळंबच्या फाट्यावर उतरलीस तर चालत पंधरा मिनिटं.

जोतीराम